ऊस एक, सरकारे दोन
(शेतकी विभागाकडून)



गट कार्यालयात आलेला सभासद आम्हाला एक प्रश्न हटकून विचारतो : "साहेब, उसाचा भाव नक्की ठरवतंय कोण? दिल्ली, मुंबई का कारखाना?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तिघांचाही त्यात हात आहे. मात्र कोणाचा हात कुठवर पोचतो हे ठरलेले आहे. ते ठाऊक नसले म्हणजे माणूस भलत्याच दारात उभा राहतो, अर्ज इकडून तिकडे फिरतात आणि हंगाम उलटून जातो. म्हणून या अंकात लागण-खोडवा बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

१) तीन याद्या

आपल्या राज्यघटनेने कारभाराची वाटणी सातव्या अनुसूचीत केली आहे. केंद्राची एक यादी, राज्याची एक आणि दोघांची सामाईक एक. सामाईक यादीतल्या विषयावर दोघांनाही कायदा करता येतो. पण दोन कायदे एकमेकांच्या आड आले तर सामान्यतः केंद्राचा चालतो.

आपल्याकडे सगळे उसाभोवती फिरते, म्हणून आधी ऊस नसलेल्या बाजाराचे उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यात वसईला होळी नावाचा भाग आहे. तिथल्या बाजारात मीठ, मासळी आणि केळी शेजारी-शेजारी मांडलेली आहेत असे समजा. मीठ हा विषय केंद्राचा. मासेमारी किनाऱ्यालगतच्या समुद्रात राज्याची, आणि १२ सागरी मैलांपलीकडे गेले की केंद्राची. केळी म्हणजे शेती, ती राज्याची. ज्या तराजूत हे सारे तोलले जाते त्याच्या किलोचे प्रमाण केंद्राने ठरवायचे आणि तराजू तपासायला माणूस यायचा तो राज्याच्या वैधमापन खात्याचा. बाजार एक, पण मालागणिक सरकार बदलते. आपल्या वजनकाट्यालाही हाच नियम आहे. काट्याबद्दल शंका असेल तर दिल्लीला पत्र लिहून उपयोग नाही. जिल्ह्यातल्या वैधमापन कार्यालयात जावे.

२) रानापासून गव्हाणीपर्यंत

ऊस रानात उभा आहे तोवर ती शेती, म्हणजे राज्याचा विषय. पाणीही राज्याचे, फक्त एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांच्या बाबतीत केंद्राला अधिकार आहे. आपली संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची, म्हणून तिची नोंदणी, हिशेबतपासणी आणि निवडणूक राज्याच्या कक्षेत येते.

साखर धंदा मात्र १९५१ च्या उद्योग कायद्याने केंद्राच्या नियंत्रणाखाली गेला. पुढे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या आधारे केंद्राने १९६६ साली ऊस नियंत्रण आदेश काढला. आपल्या बिलाचे मूळ याच आदेशात आहे. किमान भाव केंद्र ठरवते. त्याला पूर्वी वैधानिक किमान किंमत म्हणत. २००९ पासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे ११.२५ टक्के उतारा धरला तर टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते.

त्याच आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आता गंमत पाहा. नियम केंद्राचा, पण वसुली राज्याच्या माणसांकडून. थकबाकी राहिली तर पुण्याचे साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.

३) वर चढवता येते, खाली उतरवता येत नाही

मग राज्याला भावात काहीच अधिकार नाही काय? आहे. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा ही राज्ये आपला स्वतंत्र, केंद्राहून चढा भाव जाहीर करीत आली आहेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हा अधिकार मान्य केला. महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. २०१३ च्या ऊसदर कायद्याने साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उत्पादकाचा ठरवला. हा हिशेब एफआरपीच्या वर गेला तर वरची रक्कम सभासदाची.

परंतु २०२२ च्या फेब्रुवारीत राज्याने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली : पहिला हप्ता ठराविक उतारा धरून आणि उरलेला हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. कारखान्यांची पैशाची ओढाताण यामागे होती, हे नाकारता येणार नाही. पण मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने दिलेले संरक्षण राज्याला आपल्या ठरावाने पातळ करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

४) केंद्रालाही बांध आहे

म्हणून केंद्राचा हात कुठेही पोचतो असे समजू नये. २०११ साली ९७ वी घटनादुरुस्ती करून केंद्राने सहकारी संस्थांच्या कारभाराचे नियम थेट घटनेत घातले. मात्र निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. मळीपासून होणाऱ्या औद्योगिक अल्कोहोलचेही तसेच. १९८९ च्या निकालाने तो विषय केंद्राकडे गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने राज्याचा अधिकार मान्य केला.

तरीही कारखान्याची तिजोरी दिल्लीच्या निर्णयांवर किती हालते हे सभासदांनी ओळखावे. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने २०१८ मध्ये किलोला २९ रुपये आणि २०१९ मध्ये ३१ रुपये केला. तो २०२४-२५ पर्यंत ३१ वरच राहिला. त्याच काळात उसाचा दर २७५ वरून ३४० झाला (मूळ उतारा मध्यंतरी १० वरून १०.२५ टक्के धरला गेला). डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवड्याभरात ती काहीशी सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली. तोवर कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्या कारखान्यांचे गणित विस्कटले होते. उसाचा किमान भाव आणि साखरेचा किमान भाव एकाच हातात असतील तर दोन्ही एकत्रच हलले पाहिजेत, ही मागणी म्हणूनच दिल्लीकडे करायची.

५) कोणते दार ठोठवावे?

एफआरपी, साखरेचा किमान दर, निर्यात, इथेनॉल : केंद्र सरकार, म्हणजे आपले खासदार.
थकीत बिल व व्याज : साखर आयुक्त, पुणे.
उत्पन्नातला वाटा, संस्थेची निवडणूक, पाणी : राज्य सरकार, म्हणजे आपले आमदार.
काटा : वैधमापन कार्यालय.
नोंद, तोडणीची पाळी, चिटबॉय : त्यासाठी आम्ही आहोतच.

शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण मोजणी मागतो. दोन सरकारांमधला बांधही मोजलेला आहे आणि त्याची मोजणी न्यायालय करते. केंद्राने घातलेली पायरी राज्याने उंच करावी, मोडू नये. आणि राज्याच्या आवारात केंद्राने विचारल्याशिवाय येऊ नये. यातले एक जरी बिघडले तरी तोशीस शेवटी उसाच्या बिलालाच लागते. येत्या वार्षिक सभेत ठराव मांडताना तो कोणत्या सरकारकडे धाडायचा हे ठरावातच लिहावे. नुसते "सरकारने लक्ष घालावे" असे लिहिले तर दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळी.