पणजोबांचा सातबारा कुठे शोधायचा?

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या पणजोबांची जमीन होती, असं घरातली मोठी माणसं सांगतात. गावकरी दाखवतात त्या शेताचा सातबारा मोबाइलवर काढला, तर त्यावर आमच्या घराण्यातलं एकही नाव नाही. तलाठी म्हणाले, जुनं रेकॉर्ड तहसीलला आहे. तहसीलमध्ये विचारलं, ‘जुना नंबर कोणता, साल कोणतं?’ आम्हाला दोन्ही ठाऊक नाही. असे जुने कागद पाहायला मिळतात का? त्यासाठी वकील लावावा लागतो का?

उत्तर : कागद पाहायला मिळतात आणि तेवढ्यासाठी वकील लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि जमिनीचे अभिलेख नियमांच्या मर्यादेत, ठरलेली फी भरून, कचेरीच्या वेळेत लोकांना पाहण्यासाठी खुले असतात. त्यांच्या प्रमाणित नकलाही मिळतात. ‘तुमच्या नावावर जमीन नाही, मग कागद कशाला हवेत?’ असं कोणी म्हणालं तर बिचकू नका. कागद पाहणं वेगळं आणि जमिनीवर हक्क सांगणं वेगळं. वकिलाची गरज पडली तर ती दुसऱ्या कामात.

तहसीलमधल्या माणसाने नंबर आणि साल विचारलं, ते मात्र तुम्हाला टोलवण्यासाठी नव्हे. अभिलेख कक्षातले बस्ते माणसांच्या नावाने लावलेले नसतात. गाव, कागदाचा प्रकार आणि साल यांवरून बस्ता निघतो आणि बस्त्यातलं पान नंबरावरून सापडतं. पणजोबांचं नाव सांगून कागद मागणं म्हणजे पत्रावर गावच न घालता नुसतं ‘आबांना मिळावे’ असं लिहिण्यासारखं आहे. तेव्हा आधी नंबर मिळवायचा, आणि तो आजच्या सातबाऱ्यावरूनच मिळतो.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ एक क्रमांक असतो. तो फेरफाराचा. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. कोणाचं नाव गेलं, कोणाचं आलं, ते खरेदीने, वारसाने, वाटपाने की कोर्टाच्या हुकुमाने, आणि ती नोंद प्रमाणित झाली की नाही, हे सगळं त्या एका नोंदीत असतं. आजच्या खातेदाराचा फेरफार काढला की त्याच्या आधीचं नाव कळतं. मग त्या काळातला सातबारा काढायचा, त्यावरचा फेरफार क्रमांक घ्यायचा आणि आणखी मागे जायचं. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यांवर कमी झालेलं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. त्यामुळे गेलेली माणसंही त्या कागदावर वाचता येतात. या साखळीत कुठेतरी पणजोबांचं नाव भेटायला हवं.

ते नाव कोणत्या कडीला गळलं, यावर मला जास्त भर द्यावासा वाटतो. मराठवाड्यात पुष्कळ नावं कुळकायद्याने, म्हणजे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने, कमी झाली. पुष्कळ साध्या विक्रीने गेली. अशा वेळी फेरफार सापडतो आणि कारणही कळतं. पण कधी कधी नाव जातं आणि त्यामागे फेरफारच नसतो. सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहून काढत, त्यात नाव उतरवून घ्यायचं राहून गेलेलं असतं. ही लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. म्हणून शेवटचा सातबारा ज्यावर नाव आहे आणि पहिला ज्यावर ते नाही, या दोन्हींच्या नकला घ्याच.

मागे जाताना एक अडथळा हमखास येतो. आजचा नंबर हा गट नंबर आहे. एकत्रीकरण योजनेपूर्वी त्याच जमिनीला सर्व्हे नंबर होता. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, हे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून कळतं. ते विचारायचं उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात. हे तहसीलपेक्षा वेगळं खातं आहे, आणि मोजणी करून घ्यायची वेळ येईपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तुमच्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या कारभारात होता. त्यामुळे त्या काळासाठी ‘सातबारा द्या’ म्हटलं तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. तिथे खासरा पत्रक, विशेषतः १९५४-५५ चं, आणि पाहणीपत्रक मागायचं. त्याहून जुने कागद उर्दूत असू शकतात, तेव्हा वाचणारा माणूस बरोबर हवा. दुसरं, हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. हिंगोलीत काही सापडलं नाही तर परभणीच्या जिल्हा अभिलेख कक्षात चौकशी केल्याशिवाय शोध संपला असं मानू नका.

नकलेचा अर्ज साधा असतो. गाव, तालुका, गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर, हवा असलेला कागद आणि सालांची मर्यादा लिहा. ‘सर्व जुने कागद मिळावेत’ असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. ‘सर्व्हे नंबर अमुकचं १९५४-५५ चं खासरा पत्रक, त्यानंतरचे १९७५ पर्यंतचे सातबारे व त्यांवरील फेरफार’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याचंही काम सोपं होतं. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्या दिवशीच ठोकावा, असा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. मला तो पटत नाही. नकलेचा सरळ मार्ग बऱ्याचदा लवकर फळतो. तिथे उत्तरच आलं नाही तर २००५ च्या त्या कायद्याकडे वळा. दहा रुपये फी, कारण सांगायची गरज नाही, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. ‘आमचं नाव का काढलं?’ असं त्यात विचारू नका, कारण माहिती अधिकारी असलेला कागद देतो, नसलेला खुलासा तयार करून देत नाही. ‘ज्या फेरफाराने नाव कमी झालं त्याची प्रत द्यावी’ असं लिहा. मुदतीत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं.

‘अभिलेख मिळून येत नाही’ असं कोणी म्हणालं, तर तेवढंच वाक्य सहीशिक्क्यानिशी लेखी मागून घ्या. मग दुय्यम निबंधकाकडे जा. नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात, आणि सूची क्रमांक १ नावांवरच लावलेली असते. पणजोबांचं नुसतं नाव इथे उपयोगी पडतं. त्यांनी जमीन विकली असेल आणि दस्त नोंदवलेला असेल, तर त्यात सर्व्हे नंबर आणि साल दोन्ही मिळेल. तेवढं घेऊन तहसीलमध्ये नवा अर्ज द्या.