शिष्यवृत्ती ठरते ती पसंतीक्रम भरतानाच

प्रवेश आटोपले की महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीसमोर पालकांची रांग लागते. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात झेरॉक्सचा गठ्ठा. "सर, अ‍ॅडमिशन झालं, आता स्कॉलरशिपचं तेवढं बघा." या खिडकीमागे बसून मी दर वर्षी हे वाक्य ऐकतो आणि दर वर्षी काही पालकांना सांगावं लागतं की आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मुलगी हुशार असते, घरचं उत्पन्न मर्यादेत असतं, दाखलेही असतात. पण प्रवेश घेतलेला असतो व्यवस्थापन कोट्यातून. चांगली शाखा हातची जाईल या धास्तीनं घाईघाईत घेतलेला. ते ऐकून त्या वडिलांचा चेहरा उतरतो, तो घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून बारावीच्या निकालाआधीच हे लिहितो आहे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं की शिकवणी शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. "आम्ही ओपनमधले, आम्हाला कसली स्कॉलरशिप?" असं म्हणत अनेक जण चौकशीसुद्धा करत नाहीत. ही योजना त्यांच्यासाठीही आहे. एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत तिचा लाभ मिळतो. मुलींच्या बाबतीत सरकार आणखी पुढे गेलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

दोन्हींची अट मात्र एकच. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा चालत नाही, संस्थास्तरावरची जागा चालत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात बसत नाहीत. साधा हिशेब करा. शिकवणी शुल्क वर्षाला १ लाख धरलं, तर चार वर्षांत मुलाचे २ लाख वाचतात आणि पात्र मुलीचे ४ लाख. थोडं लांबचं किंवा जरा कमी नावाजलेलं महाविद्यालय पसंतीक्रमात घालायचं की नाही, हे ठरवताना हा आकडा समोर हवा. माझं मत विचाराल तर कर्ज काढून कोट्यातली जागा घेण्यापेक्षा कॅपमधली पुढची पसंती बहुतेक घरांसाठी बरी. "मुलींना मोफत" याचा अर्थही नीट समजून घ्या. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ हे त्यात नाही. तेवढे पैसे बाजूला ठेवावेच लागतात.

आता कागदपत्रं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तिथे जातीचं प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयर. आणि राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता. ही वैधता समितीकडून यायला महिने लागू शकतात. अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करून टाका. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका. ऐन जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळा तालुका एकदम उतरतो, तेव्हा साध्या उत्पन्नाच्या दाखल्यालाही रखडावं लागतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावांवर. एका ज्ञानेश्वरच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग 'डी'नं सुरू होणारं आणि आधारवर 'जी'नं. नाव एकच, मुलगा एकच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं. दुरुस्ती होईस्तोवर त्याचं जवळजवळ सगळं पहिलं सत्र गेलं. आज संध्याकाळी मुलाची दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही बघा.

बँकेचंही असंच. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि शेवटी जोडलेलं खातं कुठलं हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं. सिमकार्ड घेताना एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन पडतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहता येतं, ते पाहून घ्या. आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलवरचं प्रोफाइल सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर मुळीच काढू नका. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तोवर कॅफे बंद झालेला असतो.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं, हा समज फार महागात पडतो. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो आणि मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर केला नाही तर तिथेच मरतो. महिन्यातून दोनदा तरी लॉगिन करून पाहायचं, एवढी सवय मुलांना लावा. अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणाऱ्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, जिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली शुल्काची रक्कम महाविद्यालयात भरायची असते. घरात अडचण असते, पैसे खर्च होतात आणि मग परीक्षेच्या तोंडावर थकबाकीची नोटीस येते. हे आधीच घरात बोलून ठेवा.

शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च अनेकांना जड जातो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ती वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत देते. आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. केंद्राची एक शिष्यवृत्तीही लक्षात ठेवा. बारावीत मंडळाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना पदवीसाठी वर्षाला १२ हजार मिळतात. तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, तेव्हा कुठली मोठी ते आधी पाहा.

एवढं करूनही पैसे कमी पडले तर पीएम विद्यालक्ष्मी आहे. निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. व्यवस्थापन कोटा इथेही बाद.

काही पालक दाखला मागायला संकोचतात. "लोक काय म्हणतील" असं दबक्या आवाजात सांगतात. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली ती खेड्यातल्या पोरांना शहरात शिकता यावं म्हणून. मुलाच्या शिक्षणासाठी दाखला मागण्यात कमीपणा नाही. तो त्याचा हक्क आहे.

येत्या सोमवारी सेतू केंद्रात जा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका आणि पोचपावती जपून ठेवा. पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे तिथली शिष्यवृत्तीनंतरची फी पेन्सिलीनं लिहून घ्या.