सावकाश घे गं, मागे घ्यायचंय

हे बघ, ट्रेलर ओढत हायवेवर नेणं फार अवघड नाही. मोकळ्या रस्त्यावर तो मुकाट्याने मागोमाग येतो. खरी कसोटी लागते ती शेवटच्या साठ-सत्तर फुटांत. दुपार कलायला लागलेली, कॅम्पग्राउंडचा अरुंद वन-वे लूप, दोन्हीकडे पाइनची झाडं, मागे आणखी कुणाचा तरी पिकअप येऊन खोळंबलेला, आणि समोरच्या साइटवर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी कॉफीचे मग हातात धरून आपल्याकडेच बघतायत. अशा वेळी भल्याभल्या जोडप्यांची जुंपते. आपली मराठी माणसं निदान मराठीत भांडतात, समोरच्यांना कळत नाही, एवढंच काय ते सुख.

तुम्ही दोघांनी ट्रेलर घेतल्याचं कळलं तेव्हाच ठरवलं होतं की तुझ्याशी नीट बोलायचं. तुझ्याशी म्हणजे तुझ्याशीच, नवऱ्याशी नाही. कारण आपल्या घरांमधून पुढे काय होतं ते मला पाठ आहे. चाकावर तो बसणार आणि तू ट्रेलरमागे उन्हात उभी राहून हातवारे करणार. काही चुकलं की "तू सांगितलं नाहीस" आणि "तुम्ही ऐकलं नाहीत" सुरू. यावर माझ्याकडे एकच औषध आहे. मागे घ्यायला तूसुद्धा शिक. बरोबरीच्या गप्पा म्हणून सांगत नाहीये. जिने कधी चाक धरलेलं नाही, तिला आत बसलेल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते कळणार कसं? आणि ट्रिपच्या मधेच त्याची कंबर धरली, तर घरी आणणार कोण?

निम्मं काम घरी बसूनच होतं, बुकिंग करताना. सरकारी कॅम्पग्राउंडच्या वेबसाइटवर प्रत्येक जागेपुढे लिहिलेलं असतं की आत किती फुटांचं वाहन मावतं आणि जागा 'बॅक-इन' आहे की 'पुल-थ्रू', म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येणारी. ट्रेलरच्या मॉडेलमधला आकडा म्हणजे त्याची लांबी, असं समजू नकोस. पुष्कळदा त्यात गाडीला जोडायचा पुढचा हिचचा दांडा धरलेला नसतो. हिचच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत टेप लावून स्वतः मोज आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेव. पहिल्या वर्षी पुल-थ्रू जागा घ्यायला लाजू नकोस. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेज आहे, तिथे अशाच जागा आहेत. योसेमिटी व्हॅलीत मात्र झाडं आणि धोंडे यांच्यामधून वाट काढावी लागते, आणि तिथे विजेचं-पाण्याचं कनेक्शनही नाही. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेव.

बॅक-इनच घ्यायची असेल, तर नकाशावरचा लूपचा बाण बघ आणि जाताना डाव्या हाताला येणारी जागा निवड. इथे अमेरिकेत चाक डावीकडे असतं. त्यामुळे डावीकडे मागे घेताना खिडकीतून मान बाहेर काढली की ट्रेलरची सगळी कड आणि मागची चाकं डोळ्यांसमोर राहतात. उजवीकडची जागा म्हणजे आंधळी बाजू. तिथे फक्त आरसा आणि मागे उभ्या माणसाची जीभ, एवढ्यावरच भिस्त.

पोचाल तेव्हा ऊन असू दे. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर रात्री दहानंतर शांततेची वेळ असते, आणि अंधारात डिझेलचा घुरघुराट करत मागे-पुढे करणाऱ्याला कोणी दुवा देत नाही. जागेशी आलात की लगेच रिव्हर्स टाकू नका. धोक्याचे दिवे लावा, दोघं उतरा आणि जागा पायी फिरून या. खाली बघा: बुंधा, धोंडा, शेकोटीचं लोखंडी कडं, पिकनिक टेबल, विजेचा खांब. वर बघा, कारण छतावरचा एसी आणि हवेची झाकणं फांदीला अडकतात, आणि फांदी कुठल्याच आरशात दिसत नाही. मग रस्ता ओलांडून पलीकडची कडही बघा. ही गोष्ट नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. ट्रेलर आत वळवताना आपल्या गाडीचं नाक रस्त्याच्या पलीकडे झुकतं. तिथे चर असला किंवा कोणाचा नंबराचा खांब असला, तर आधी कळलेला बरा.

तेव्हाच ठरवून टाका की ट्रेलर नेमका कुठे उभा राहायला हवा. वीज, पाणी, सांडपाणी यांची तोंडं बहुतेक ट्रेलरना ड्रायव्हरच्या बाजूला असतात. दार आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छत, पलीकडच्या बाजूला. म्हणून विजेच्या खांबाच्या बाजूने जवळ राहायचं, पण स्लाइड-आउट, म्हणजे खोलीचा सरकता भाग, बाहेर येणार असेल तर तेवढी जागा सोडून. ट्रेलरचं मागचं डावं चाक जिथे थांबवायचं, तिथे एक रंगीत कोन किंवा मुलांची भडक चप्पल ठेव. नजरेला ठिकाण मिळालं की हात आपोआप शांत होतात. आणि तुमच्या हिचला बाजूने घासून धरणारी स्वे-बार असेल, तर मागे घेण्याआधी ती काढून ठेवायला विसरू नका. तीव्र वळणात ती वाकते.

आता चाकाकडे येऊ. ट्रेलर जोडला की सगळं उलटं होतं, असं सगळे म्हणतात आणि म्हणूनच सगळे गोंधळतात. उलट-सुलटाचा विचारच सोडून दे. स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला, घड्याळात सहा असतात तिथे, एक हात धर. ट्रेलरची शेपूट डावीकडे जायला हवी, तर हात डावीकडे ने. उजवीकडे जायला हवी, तर उजवीकडे. संपलं. यात गणित नाही आणि घोकंपट्टीही नाही. हात मात्र थोडाच हलव आणि ट्रेलर काय करतो ते बघायला क्षणभर वाट बघ. लांब ट्रेलर उशिराने ऐकतो. छोटा ट्रेलर तत्काळ ऐकतो आणि तितक्याच तत्परतेने हाताबाहेर जातो. लहान म्हणजे सोपा, हा समज म्हणूनच खोटा आहे.

समज, जागा डाव्या हाताला आहे. लूपवर डाव्या कडेने हळूहळू पुढे ये. जागेच्या तोंडाशी तुझं दार आलं की स्टिअरिंग उजवीकडे वळव आणि गाडीचं नाक पलीकडच्या कडेकडे जाऊ दे. गाडी अंदाजे ४५ अंशांत तिरपी झाली की पुन्हा डावीकडे वळवत थोडी पुढे ने. ट्रेलरची चाकं जागेच्या तोंडापलीकडे थोडी गेली की थांब. आता ट्रेलर रस्त्यात तिरपा उभा आहे आणि त्याची शेपूट जागेकडे बघते आहे. हे जमलं की मागे घ्यायला फारसं उरतच नाही. जे लोक ट्रेलर सरळ उभा करून रिव्हर्स टाकतात आणि मग चाक गरागरा फिरवत बसतात, त्यांचं चाकावरचं कसब कमी नसतं. त्यांनी गाडी चुकीच्या ठिकाणी उभी केलेली असते.

रिव्हर्स टाक. अ‍ॅक्सिलरेटरला हातच नको, म्हणजे पाय नको. सपाट जागी गाडी आयडलवरच सरकते, पाय ब्रेकवर ठेव. खालचा हात थोडा डावीकडे ने. डोळा ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकावर आणि जागेच्या तोंडाशी असलेल्या नंबराच्या खांबावर. चाक खांबाच्या आतून, फूट-दीड फुटाने सुटलं की ट्रेलर आत शिरू लागतो. आता लगेच हात उजवीकडे आणायला लाग, म्हणजे तुझी गाडी ट्रेलरच्या मागोमाग वळणात येईल. हा हात फिरवायला लोक उशीर करतात, आणि कोपरा घट्ट होत होत गाडी आणि ट्रेलर एकमेकांकडे दुमडतात. यालाच जॅकनाइफ म्हणतात. त्यात बंपर चेपतो, आणि ट्रेलरचा कोपरा गाडीवर येऊन आदळतो. कोपरा घट्ट होतोय असं दिसलं की कसलाही खटाटोप न करता थांब, दहा-पंधरा फूट पुढे घे, सरळ हो आणि पुन्हा ये. रोज ट्रेलर हाकणारे सराईत ड्रायव्हरसुद्धा पुढे घेतात. पुढे घेणं म्हणजे नापास होणं नव्हे.

एकदा आत आलीस की सरळ मागे जाताना आरशांचा एक नियम ठेव. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल, त्या बाजूला स्टिअरिंग थोडं वळव. तो पुन्हा सरळ येतो. इथे खालच्या हाताचा नियम सोडून नेहमीसारखं वरून वळवायचं, हे ध्यानात असू दे. दोन नियम डोक्यात गर्दी करत असतील तर पहिलाच धर. दोन्हींनी ट्रेलर त्याच जागी येतो.

आता मागे उभ्या राहणाऱ्याबद्दल, कारण भांडणं इथेच होतात. एसटी स्टँडवर कंडक्टर गाडीच्या मागे जाऊन "येऊ दे, येऊ दे" करत पत्र्यावर थाप मारायचा, आठवतं ना? तुम्हा दोघांचं तसंच चालणार, पण इथे ते पुरत नाही. "येऊ दे" म्हटल्याने किती येऊ दे ते कळत नाही. "दहा फूट आहेत, पाच, तीन, थांब", असं अंतर बोलायचं. डावं-उजवं हे शब्द तर बंदच करा. समोरासमोर उभं राहिलं की तुझं डावं ते त्याचं उजवं. त्याऐवजी "शेपूट खांबाकडे", "शेपूट टेबलाकडे" असं म्हणा, वाद मिटला. मागच्याने ट्रेलरच्या थेट मागे उभं राहायचं नाही, बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं. तो आरशातून दिसेनासा झाला की तो परत दिसेपर्यंत गाडी उभी. फोन स्पीकरवर ठेवता येतो, पण डोंगरात सिग्नल मिळेलच असं नाही. म्हणून स्वस्तातली वॉकी-टॉकीची जोडी घेऊन ठेव. आणि मुलं? रिव्हर्सचा दिवा लागला की मुलं टेबलावर बसलेली हवीत, कितीही कुरकुर केली तरी. लूपवर दुसऱ्यांची मुलंही सायकली फिरवत असतात, तेही मागच्याने बघायचं.

नवऱ्याने नव्या गाडीतल्या तंत्राची बढाई मारली तर ऐकून घे. फोर्डने २०१६ च्या एफ-१५० मध्ये एक गोल बटण दिलं. ते फिरवलं की ट्रेलर तिकडे वळतो, स्टिअरिंग गाडी स्वतः सांभाळते. चांगलीच सोय आहे. पण फांदी किती खाली आली आहे हे त्या बटणाला कळत नाही, आणि जागेचा अंदाज घ्यायला उतरावं लागतं ते तुलाच.

आता सरावाचं. रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या दुकानाचा पार्किंग लॉट रिकामा असतो, तिथे परवानगी विचारून घे. पार्किंगच्या एका खणाची रुंदी साधारण नऊ फूट असते आणि तुमचा ट्रेलर आठ-साडेआठ फुटांच्या आसपास. म्हणजे पांढऱ्या रेघाच तुझे खांब आणि झाडं. एकापुढे एक अशा दोन खणांत आधी सरळ मागे जा. मग डावीकडून, मग उजवीकडून. अर्ध्या वेळेला जागा बदला, तो मागे आणि तू चाकावर. दोघांनी दोन्ही कामं केली की कॅम्पग्राउंडवर आवाज चढत नाही, हे मी पाहिलंय.

जागेवर आल्यावरही दोन गोष्टी राहतात. आधी डाव्या-उजव्या बाजूने ट्रेलर समतल आहे का बघ, नसेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली पाट घालून घे. मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव आणि त्यानंतरच हिच सोड. हा क्रम उलटा करू नकोस, उतारावर ट्रेलर कोणाचीही वाट बघत नाही.

कितीदा पुढे-मागे केलंस हे समोरचे बघतात, पण संध्याकाळी शेकोटी पेटली की कोणालाही आठवत नाही. ओरखडा मात्र वर्षानुवर्षं दिसतो. म्हणून सांगते, या रविवारी त्याला कोन घेऊन मागे उभा कर, किल्ली तू घे, आणि चाकावर तूच बस.