जुलाबांत लेंकरास पाणी द्यावें कीं न द्यावें?



उन्हाळा सरत आला म्हणजे विहिरींचें पाणी तळास जातें, आणि पहिला पाऊस पडला म्हणजे गांवची घाण वाहत जाऊन त्याच विहिरींत उतरते. ह्या दिवसांत खेडोपाडीं जुलाब व वांत्या ह्यांचा जोर असतो. अशा वेळीं घरांतील वडील माणसें पुष्कळदां सांगतात कीं, "पोटांत पाणी ठरत नाहीं, तर तें देऊं नका, द्याल तितकें बाहेर पडेल." हें बोलणें मायेचें असतें ह्यांत संशय नाहीं, परंतु तें खरें नाहीं, आणि त्यापायीं जीं लेंकरें वांचावयाचीं तीं दगावतात. ह्यास्तव शरीरांत पाण्याचें काम काय, तें उणें झाल्यास काय होतें, व तें परत कसें भरून काढावें, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठांत करणार आहों.

१. शरीरांतील पाणी

प्रौढ माणसाच्या वजनांत शेकडा सुमारें ६० भाग पाणी असतें. नुकत्याच जन्मलेल्या बालकांत तें शेकडा सुमारें ७५ असतें. ह्याच पाण्याच्या योगें रक्त वाहतें, अन्नाचा रस अंगभर पोंचतो, मूत्रपिंडें रक्तांतील मळ बाहेर टाकतात, आणि घाम येऊन अंगाची उष्णता कमी होते. परंतु हें निवळ पाणी नव्हे. घामाची किंवा आसवांची चव पाहा; त्यांत मीठ आहे. म्हणून शरीरांतून पाणी जातें तेव्हां क्षारही जातात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व उपाय हिच्यावरच उभारलेला आहे.

२. पाणी उणें झाल्याचीं लक्षणें

प्रथम तहान लागते, तोंड कोरडें पडतें, लघवी थोडी व गडद पिंवळी होते, डोकें दुखतें, मूल किरकिर करतें. पुढें डोळे खोल जातात, रडतांना आसवें येत नाहींत, तान्ह्याची टाळू आंत बसते. पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली, तर ती लगेच बसावी. ती हळूहळू बसली तर पाणी बरेंच गेलें आहे असें समजावें. अखेरीस हातपाय गार पडतात, नाडी लागत नाहीं, व मूल ग्लानींत जातें. ह्याचें कारण असें कीं, पाणी आटल्यानें रक्ताचें मान घटतें, आणि मूत्रपिंडें, मेंदू व हृदय ह्यांस तें पुरेसें पोंचत नाहीं.

पटकीच्या विकारांत तर तासाभरांत लिटरभर पाणी जाऊं शकतें. मग सकाळीं धडधाकट असलेला माणूसही सायंकाळ पाहत नाहीं. लहान मुलांत मुळांत पाण्याचा सांठा थोडा, आणि म्हाताऱ्या माणसांस तहान नीट कळत नाहीं. म्हणून ह्या दोघांकडे अधिक लक्ष द्यावें. उन्हांत ऊस तोडणाऱ्यांनीं व माती वाहणाऱ्यांनींही तहान लागण्याची वाट न पाहतां वरचेवर पाणी प्यावें.

३. उपायाचा शोध

इ. स. १८३१ सालीं इंग्लंडांत पटकीची सांथ आली असतां, विल्यम ओशॉघ्नेसी नांवाच्या तरुण वैद्यानें रोग्यांचें रक्त तपासून दाखविलें कीं, त्यांतील पाणी व क्षार नाहींसे झाले आहेत. दुसऱ्याच वर्षीं स्कॉटलंडांत थॉमस लॅटा ह्यानें मिठाचें पाणी शिरेंतून घालून कांहीं रोगी वांचविले. परंतु शिरेंतून पाणी घालावयास सुई पाहिजे, निर्जंतुक बाटल्या पाहिजेत, व जाणता माणूस पाहिजे; गरिबाच्या झोंपडींत हें कोठून येणार?

पुढें १९६० नंतरच्या वर्षांत असें कळून आलें कीं, आंतड्यांत एक दार असें आहे कीं त्यांतून मीठ व द्राक्षशर्करा हीं दोन्हीं जोडीनें आंत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातें. पटकीचें विष हें दार बंद करूं शकत नाहीं. म्हणजे नुसतें पाणी फारसें शोषिलें जात नसलें, तरी साखर व मीठ योग्य प्रमाणांत घातलेलें पाणी शोषिलें जातें.

ह्या ज्ञानाची कसोटी १९७१ सालीं लागली. आजच्या बांगलादेशांतून लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालांत आले, आणि बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनोबीस ह्यांनीं एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम द्राक्षशर्करा, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा ह्या प्रमाणानें पाणी करून मोठ्या पिंपांत भरून ठेविलें. रोग्यांच्या आयांनीं व भावांनीं तें पेल्यापेल्यानें पाजिलें. पूर्वीं शेंकडा सुमारें ३० रोगी मरत, तेथें हें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. ह्या सेवेबद्दल २०२३ सालीं सरकारनें त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण ही पदवी दिली. वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें कीं, औषध पाजणारे हात घरच्याच माणसांचे होते.

४. घरीं काय करावें

(क) जलसंजीवनीची, म्हणजे ओ. आर. एस.ची, पुडी आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यांत मिळते. पुडीवर जितकें पाणी लिहिलें असेल तितकेंच स्वच्छ पाणी मोजून घ्यावें व सबंध पुडी एकदम घालावी. पाणी कमी घेतल्यास क्षार अधिक होऊन अपाय होतो. केलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें.

(ख) पुडी न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. आधीं चव पाहावी. आसवांपेक्षां खारट लागल्यास तें देऊं नये.

(ग) प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आंतील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, व त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानें पाजावें. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हा हळूहळू द्यावें.

(घ) अंगावरचें दूध कधींही तोडूं नये. पेज, वरणाचें पाणी, मऊ भात चालू ठेवावा. बाटलींतील गोड पेयें देऊं नयेत. अति साखरेनें जुलाब वाढतात. मुलांस जस्ताच्या गोळ्याही आशाताईंस विचारून वयाप्रमाणें द्याव्या, व जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पुरे करावे.

(ङ) मूल पीत नसेल, ग्लानींत असेल, वांत्या थांबत नसतील, शौचास रक्त पडत असेल, किंवा लघवी बंद झाली असेल, तर घरीं एक घटकाही न दवडतां दवाखान्यांत न्यावें. शुद्धींत असून गिळतां येत असेल तर वाटेंतही तें पाणी पाजीत राहावें.

५. एका शंकेचें समाधान

कोणी म्हणेल, "फुटक्या घागरींत पाणी ओतून काय लाभ?" खरें आहे, ह्या पाण्यानें जुलाब लगेच थांबत नाहींत. परंतु ही घागर अशी आहे कीं तिचें भोंक बहुधा थोड्या दिवसांत आपोआप बुजतें. तोंवर ती रिकामी होऊं देऊं नये, इतकेंच आपलें काम. पाणी बंद केल्यानें भोंक बुजत नाहीं. घागर मात्र कोरडी पडते.

गांवांतील शिक्षकांनीं हा पाठ वाचून दाखवावा, आणि सर्वांसमक्ष पाणी, साखर व मीठ मोजून तें करूनही दाखवावें; कारण ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस डोळ्यांनीं पाहिलेलें विसरत नाहीं.

विचारावयाचे प्रश्न: (१) जुलाबांत पाण्याबरोबर आणखी काय जातें? (२) पाण्यांत साखर कां घालावी? (३) मीठ अधिक पडलें हें कसें ओळखावें? (४) कोणत्या लक्षणांवरून मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें?