मान वर, पाय जपून

पोट्टी, वरठीहून विदर्भ एक्सप्रेस धरून तू मुंबईला निघालीस, तेही लोकांना इमारती दाखवत पायी फिरवायला, हे ऐकून तुझ्या आईच्या पोटात गोळा आला आणि माझे पाय शिवशिवले. ओव्हल मैदान ते गेटवे ही वाट मी इतकी वर्षं चालले की तिथला कुठला दगड हलतो हे मला झोपेतही सांगता येईल. आता जवाहरनगरला परत आले, अंगणात बसते, ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा ऐकते. माझ्या वाट्याच्या चुका मी करून ठेवल्या आहेत, त्या तू पुन्हा करू नको. हे कानमंत्र डब्यासोबत बांधून देते. डबा नागपूरच्या आत संपेल, हे पुरवून वापर.

१. गाडी सीएसएमटीला लागली की लगेच टॅक्सीमागे धावू नको, रस्ता ओलांडून पाच मिनिटं स्टेशनाकडे बघत उभी राहा — हे फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, १८८८ साली पुरं झालेलं, आणि त्याच्याच मुलानं, चार्ल्सनं, १९३३ मध्ये कुलाब्याच्या तोंडाशी रीगल थिएटर उभं केलं. बापाच्या कमानी, कळस, कोरीव प्राणी बघायचे आणि अर्ध्या तासात चालत लेकाच्या सरळ, सपाट, गुळगुळीत भिंतीसमोर यायचं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत जग किती बदललं ते लोकांना न सांगता कळतं.

२. फेरीची वेळ उन्हाला विचारून ठरव, घड्याळाला नंतर — ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको घरं उगवतीकडे तोंड करून आहेत म्हणून सकाळी उजळतात, तर समोरचं हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ चे, संध्याकाळी. मरीन ड्राइव्हची घरं समुद्राकडे, म्हणजे मावळतीकडे बघतात. पहिल्या वर्षी मी वीस माणसं सकाळी मरीन ड्राइव्हला नेली आणि त्यांना डोळ्यांवर हात धरून नुसत्या काळ्या आकृत्या दाखवल्या.

३. फोर्टातली फेरी रविवारी ठेव — ऑफिसं बंद, गल्ल्या मोकळ्या, रस्त्याच्या मध्यावरूनही वर बघता येतं. पण राहत्या घरांखाली रविवारी आवाज बारीक. आठवड्याची झोप तिथं वर चालू असते.

४. चालणं आणि बघणं एका वेळी करू देऊ नको. आधी सगळ्यांना थांबव, मग बोट वर कर — मान वर गेली की पाय गटाराकडे जातो. माझ्या फेरीत एका आजोबांचा घोटा असाच मुरगळला होता, आणि चूक माझी होती, कारण मी चालता चालता बोलत होते.

५. नवी चप्पल घालून येणाऱ्याला निघण्याआधीच प्रेमानं विचार, "दोन तास निभेल का?" — पाय दुखायला लागला की माणूस इमारत बघत नाही, बाकडं बघतो.

६. पंधराच्या वर माणसं घेऊ नको — सोळाव्याला ऐकू येत नाही, मग तो शेजाऱ्याशी बोलतो, मग चौदाव्यालाही ऐकू येत नाही.

७. प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर डोकी मोज, मजले नंतर — चर्चगेटच्या भुयारी मार्गात मी एक आजीबाई मागे ठेवून पुढे गेले होते. त्या बिचाऱ्या भलत्या तोंडातून बाहेर निघाल्या आणि पाऊण तास उन्हात उभ्या राहिल्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणून ते अजून लागतं.

८. लघवीला जायची सोय कुठं आहे ते सुरुवातीलाच, मोठ्यानं, लाज न बाळगता सांग — बायका विचारत नाहीत, पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येऊन बसतात.

आता बघायचं काय आणि सांगायचं काय, त्याकडे येते. इथं थोडं जास्त बोलेन, कारण माझा जीव इथं अडकलेला आहे.

९. "आर्ट डेको" या शब्दानं सुरुवात करू नको, छज्ज्यानं कर — छज्जा प्रत्येकाच्या घरी असतो, आपल्या क्वार्टरच्या खिडकीवरही होता. खिडकीच्या वर भुवईसारखी ती सिमेंटची पट्टी, कोपऱ्यावरून गोल वळून पुढे गेलेली. मे महिन्याचं ऊन आणि जूनचा झोडपा दोन्ही अडवायला ती आहे. शोभा त्यातून आपोआप आली. छज्जा हातभर, सावली घरभर.

१०. नाव सांगायचंच तर पूर्ण सांग — १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून ते पडलं, पण रूढ झालं १९६० नंतर. म्हणजे ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी स्वतः हा शब्द क्वचितच ऐकला असेल. त्यांच्या लेखी ती फक्त नव्या पद्धतीची घरं होती.

११. जमीन आधी समजाव, भिंत मग — ओव्हलच्या पश्चिमेला पूर्वी समुद्र जवळ होता. बॅकबेची भरणी झाली, नवी जमीन निघाली, आणि तिच्यावर १९३० च्या दशकात एकाच नियमानं, एकाच उंचीच्या ओळी उभ्या राहिल्या. म्हणून तिथं एक घर पाहून भागत नाही. ओळ बघायची, पंगत बघतो तशी.

१२. सिमेंट आणि सळई यांची ओळख करून दे — दगडाला कमान लागते, पण काँक्रीटमध्ये सळई घातली की गॅलरी खांबाशिवाय बाहेर काढता येते आणि कोपरा गोल वळवता येतो. १९३७ मध्ये टाउन हॉलला आदर्श घराचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं मुंबईकरांनी नवी न्हाणीघरं, नवी स्वयंपाकघरं पाहिली. ही शैली आतूनही बदल घेऊन आली होती, नुसता चेहरा नव्हता.

१३. बांधणाऱ्यांची नावं घेतल्याशिवाय पुढे सरकू नको — मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल, १९३७, हा गजानन बाबूराव म्हात्र्यांचा. चर्चगेटसमोरचा इरॉस, १९३८, सोहराबजी भेदवारांचा. लांबून बघितला की चौरंगावर चौरंग रचत नेल्यासारखा त्याचा मनोरा दिसतो. फोर्टातली न्यू इंडिया ॲशुरन्सची इमारत, १९३६, मास्टर, साठे आणि भुता यांची, आणि तिच्यावरची शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया ही शिल्पं पानसऱ्यांची. विमा कंपनीच्या भिंतीवर नांगर धरलेला माणूस! आपल्या भंडाऱ्याकडचं कोणी फेरीला आलं की मी तिथं मुद्दाम जास्त वेळ थांबायची.

१४. इमारतींची नावं मोठ्यानं वाचायला लाव, अक्षरांचं वळणही बघायला लाव — त्या काळी नावाच्या पाटीचाही आराखडा व्हायचा. कोर्ट व्ह्यू हे नाव वाचून मागे वळलं की समोर खरंच हायकोर्ट असतं, आणि सगळे एकदम हसतात.

१५. "जगात दुसरा नंबर", "आशियात पहिला" असले आकडे फेकू नको — कोणीतरी मोजून आलेला असतोच. तारीख सांग ती पक्की: या गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं ३० जून २०१८ ला, आणि त्यासाठी रहिवासी आणि नागरिकांच्या संघटना वर्षानुवर्षं झटल्या. एकदा मी एका घराचं साल चुकीचं सांगितलं, वरच्या गॅलरीतून एका बाईंनी ते दुरुस्त केलं. मी त्यांना खाली बोलावलं, पुढची दहा मिनिटं त्याच बोलल्या, आणि त्या दिवसाची सगळ्यात चांगली दहा मिनिटं तीच.

१६. गॅलरीतल्या चड्ड्या-बनियनवर, एसीच्या पेट्यांवर, जाळ्यांवर कोणाला नाक मुरडू देऊ नको — दार ज्याचं, मान त्याचा. खारी हवा सळई गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. त्याच्या दुरुस्तीला पैसा लागतो. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या आकड्यांवर बांधली गेली, मग जुन्या भाड्याच्या इमारतींना तो पैसा आणायचा कुठून? ज्यांनी तरीही रंग काढला, छज्जे राखले, त्यांच्याबद्दल आदरानं बोल.

१७. वॉचमनदादांना नमस्कार आधी, प्रश्न मग — जिना आतून बघायला मिळणं किंवा न मिळणं त्या एका नमस्कारावर असतं. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नको.

१८. आधुनिक म्हणजे काच, अशी समजूत घेऊन येणाऱ्याला पेडर रोडची कांचनजंगा सांग, चार्ल्स कोरियांची, १९८३ ची — मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापतं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून कोपऱ्याकोपऱ्यात वर चढवला.

आता पाण्यावरचं. पायी फेरीनंतर गेटवेहून लाँचमध्ये बसवायचा तुझा विचार मला आवडला. पण पाणी माणसाला गृहीत धरत नाही, म्हणून इथलं दोनदा वाच.

१९. तिकीट काढण्याआधी स्पष्ट सांग की लाँचमधून मरीन ड्राइव्ह दिसत नाही — लाँच निघते पूर्वेच्या बंदरातून, मरीन ड्राइव्ह पश्चिमेला. दिसतो तो १९२४ चा गेटवे, १९०३ चं ताज आणि त्याच्या शेजारचा नंतरचा मनोरा. आधी सांगितलं की हेच खूप वाटतं, नंतर सांगितलं की फसवणूक वाटते.

२०. मग लाँचवर का न्यायचं? — कारण आर्ट डेकोच्या डोक्यात जहाज होतं. सकाळी त्यांनी गॅलरीचे आडवे लोखंडी कठडे पाहिले, गोल खिडक्या पाहिल्या, गच्चीवर कप्तानाच्या खोलीसारखी खोली पाहिली. दुपारी लाँचच्या कठड्याला हात टेकला की तो हातच सांगतो, सकाळी काय पाहिलं ते. मला हे सुचायला सहा वर्षं लागली, तुला फुकट देते.

२१. लाइफ जॅकेट पहिलं तू घाल, पट्टे आवळून, सगळ्यांसमोर — १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि लहानमोठी माणसं गेली. कोणी "गरम होतं" म्हणालं तर त्याला धक्क्यावर ठेव, तू वाईट झालीस तरी चालेल.

२२. सगळ्यांना एका बाजूला उठू देऊ नको — वैनगंगेत डोंग्यात बसताना डोंगेवाले काका म्हणायचे, मधे बसा, हळू वळा. लाँच मोठी असली तरी पाणी तेच.

२३. बोलायचं ते धक्क्यावरच बोलून घे — लाँच सुटली की इंजिनाशी भांडू नये. शिकागोत नदी उंच इमारतींच्या मधून जाते, तिथं शिकवून तयार केलेले स्वयंसेवक बोटीवर माइक धरून दीड तास इमारती सांगतात, आणि ते शोभतं. आपल्याकडे किनारा लांब जात राहतो. लोकांना गप्प बसून तो लहान होताना बघू दे.

२४. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या बोटी बंद, आणि ओहोटीला गेटवेच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या — तिन्ही गोष्टी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेव. म्हाताऱ्या माणसाचा हात धर, मागितला नाही तरी.

२५. युद्धनौकांचे फोटो काढू देऊ नको — हे तुला शिकवायला नको. फॅक्टरीच्या फाटकापाशी कॅमेरा काढायचा नसतो हे आपल्या कॉलनीतलं पोर चालायला शिकताना शिकतं.

२६. प्रत्येक फेरीत एक जागा बिनपैशाची ठेव, तिथंच राहणाऱ्या किंवा राबणाऱ्या कोणासाठी — ज्या इमारतीत लिफ्टमन आयुष्य घालवतो, तिची गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. माझ्या फेरीत असे एक जण आले होते. शेवटी त्यांनीच आम्हाला जिन्याच्या कठड्यावरचं ते वळण दाखवलं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

२७. फेरी संपली की त्याच संध्याकाळी वहीत लिही, लोकांनी काय विचारलं आणि तुला काय आलं नाही — उद्यावर ठेवलेला प्रश्न रात्रीतून पळून जातो.

२८. आणि दिवाळीला येशील तेव्हा मला आपल्याच कॉलनीतून फिरव, सकाळी, भोंग्याआधी — त्या क्वार्टरच्या ओळी, ते छज्जे, त्या सरळ सडका मी कितीदा पाहिल्या, पण तुझ्या तोंडून अजून ऐकल्या नाहीत. कॅमेरा घरी ठेव. पाण्याची बाटली मी आणते.