मॅटाडोर घ्या, पण आधी पत्रा ठोकून बघा

लाख-सव्वा लाखाला मिळालेली जुनी मॅटाडोर मुक्कामाला नेण्याजोगी होईपर्यंत आठ-नऊ लाखांची होते. हा आकडा सुरुवातीलाच सांगितलेला बरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री तो पहिल्या दिवशी सांगणार नाही. तो लबाड असतो असं नाही, आतला पत्रा उघडल्याशिवाय त्यालाही काही कळत नाही.

गाडीमागे जोडायचा जुना कॅरव्हॅन-डबा शोधायचा, तो घासूनपुसून नवा करायचा आणि डोंगरात नेऊन लावायचा, ही हौस परदेशातली. व्हिडिओ बघून ती आता आपल्याकडेही पोहोचली आहे. पण तसे डबे इथे फारसे विकलेच गेले नाहीत, त्यामुळे जुने मिळणार कुठून? मग कुणीतरी म्हणतो, 'उसाच्या ट्रॉल्या बनवणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडून डबा करून घेऊ.' ते करून देतीलही, आणि भक्कम देतील. मात्र ट्रेलरची नोंदणी वेगळी असते आणि घरी ठोकून बनवलेल्या डब्याला आरटीओत कुणी दारात उभं करत नाही. शेतीच्या ट्रॉलीचा कागद दाखवून त्यात झोपायला निघालात, तर पहिल्या नाक्यावरच सहल संपेल. म्हणून कोल्हापुरात ही हौस भागवायचा शहाणा मार्ग एकच: जुनी व्हॅन. आणि आपल्या भागात जुनी व्हॅन म्हणजे मॅटाडोर.

बजाज टेम्पोनं ही गाडी १९६९ मध्ये आणली. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं, पण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून टेम्पोच आहे. मुक्कामाच्या गाडीला लागणाऱ्या दोन गोष्टी हिच्यात आहेत. ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट नाही. म्हणून तळ सपाट आणि बराच खाली. दुसरं म्हणजे पुढच्या काळातल्या गाड्यांतलं मर्सिडीज घराण्याचं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन. तेच इंजिन कंपनीच्याच ट्रॅक्स गाडीतही चाललं, त्यामुळे लायनर-पिस्टनपासून नोझलपर्यंत सामान आजही सापडतं. सापडत नाहीत ते पुढच्या एक्सलचे जॉइंट. गाडी बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून कट-कट आवाज आला तर भाव पाडा किंवा दुसरी गाडी बघा.

पैसे द्यायच्या आधी कागद

आरसी बुकावर तीन गोष्टी वाचायच्या: गाडी खासगी आहे की ट्रान्सपोर्ट, बैठका किती, आणि नोंदणी कुठवर जिवंत आहे. ट्रान्सपोर्टची गाडी स्वस्त मिळते, पण दरवर्षीच्या फिटनेसची आणि करांची पीडा मागे लागते. ती खासगी करून घ्यायची तर आरटीओची परवानगी लागते. तेव्हा टोकन देण्याआधी ताराबाई पार्कातल्या कार्यालयात चेसीस नंबर घेऊन एक चक्कर मारा. एजंट 'होऊन जातंय की' म्हणतो, त्या 'होऊन जातंय' ला काही अर्थ नसतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. वीस वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीचं हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झालं. खरा फटका उशिराच्या आकाराचा असतो: चारचाकीला महिन्याला ५०० रुपये. म्हणजे गोठ्यात पाच वर्षं झोपलेली गाडी उठवताना ३०,००० रुपये नुसत्या झोपेचे. हे पैसे विकणाऱ्यानं भरायचे की तुम्ही, ते भावातच ठरवून टाका. त्याशिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. चारचाकीच्या प्लेटचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५०० सीसीवरच्या खासगी कारसाठी वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. सगळं मिळून कागदांसाठी ४० ते ६० हजार बाजूला काढा.

इथे एक मोह होतो. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं 'व्हीए' अक्षरांची खास विंटेज प्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. दिसायला रुबाबदार! पण ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल भरणं आणि दुरुस्ती, एवढंच. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकसारखी मिरवायची गाडी असेल तर ठीक. दाजीपूरला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी कायद्याची गोष्ट जास्त महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. कारखान्यात बनणाऱ्या मोटर-कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे. एका जुन्या गाडीसाठी त्या चाचण्या करणं कुणाला परवडणार? म्हणून छप्पर कापून उंच करणं, खिडक्या वाढवणं, कायमचा संडास बसवणं, हे बेत सोडा. बैठका आरसीवर आहेत तेवढ्या ठेवा. पलंग, ओटा, कपाट सगळं सुटं करा: नटबोल्ट काढले की अर्ध्या तासात खाली उतरेल असं. फिटनेसच्या दिवशी ते घरी ठेवायचं. याचा फायदा कायद्यापुरता नाही, पुढे पत्रा गंजला की आतलं सगळं न फोडता वेल्डिंग करता येतं.

खरा पैसा पत्र्यात

बहुतेक जण आधी गादी, पडदे आणि पिवळे दिवे बघतात. मी उलटं सांगेन: आतल्या सजावटीचा रुपया खर्च करण्याआधी पत्र्याचं बिल चुकतं झालेलं असू द्या.

बघायला जाताना एक लोहचुंबक, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर आणि पुढच्या काचेखाली फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. मग गाडीखाली जाऊन तळाच्या आडव्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर बरं. भद्द आवाज येऊन तांबडा भुगा हातावर पडला, तर ती पट्टी बदलायचीच. शेवटी छपराच्या पन्हळीत पाइपनं दहा मिनिटं पाणी सोडा आणि दारं लावून आत बसा. पाणी कुठून टपकतंय ते खडूनं खूण करा. गगनबावड्याच्या पावसात हे आपोआप कळेलच, पण तेव्हा तुम्ही अंथरुणात असाल.

तळाचा बराचसा पत्रा, चाकांच्या कमानी, दारांच्या कडा आणि काचांचं रबर बदलायचं तर सव्वा ते दोन लाख धरा. त्यात जस्ती पत्रा आणि अंडरकोटिंग आलं पाहिजे. मिस्त्रीशी बोलताना 'अंगावर काम' म्हणजे ठोक रक्कम ठरवू नका. ठोक रकमेत सडका पत्रा झाकला जातो आणि लांबीचे डबे वाढतात. रोजगार आणि सामान वेगळं लावा, दर शनिवारी हिशेब करा, आणि जुना पत्रा कापला की नवा बसण्याआधी फोटो काढा. रंगाला ६० ते ९० हजार. पियू (पॉलियुरेथेन) रंग थोडा महाग जातो, पण टिकतो.

इंजिन त्या मानानं सरळ. नुसतं हेड आणि नोझल-पंपाचं काम असेल तर ४० ते ५० हजारांत सुटाल. पूर्ण उतरवून बोअरिंग, लायनर-पिस्टन, बेअरिंग केलं तर सव्वा ते दीड लाख. तेल इंजिनांच्या जिवावर उभं राहिलेलं हे शहर; शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपांत डिझेलचं काम जाणणारी माणसं आहेत, तिथे कोल्हापूरला तोड नाही. ब्रेक, क्लच, बुशा यांना ४० हजार, पाच टायरना ३५ हजार, नव्या वायरिंगला २५ हजार. जुन्या वायरिंगला ठिगळ लावून वाचवलेले दहा हजार म्हणजे आगीला आमंत्रण. पुढच्या दोन सीटांमधल्या इंजिनाच्या झाकणाखाली उष्णतेची चादर लावून घ्या, दोन हजारांत काम होतं. नाहीतर धूर आणि गरमी दोन्ही केबिनमध्ये.

आत काय लागतं आणि काय लागत नाही

बारा एमएमचं मरीन प्लाय, हलकं लोखंडी अँगल, बसायचा बाक रात्री पलंग होईल अशी घडी, चार इंची फोम: सगळं मिळून ८० हजार ते एक लाख. राजारामपुरीतला फर्निचरवाला जड काम करून देईल, त्याला वजनाचं भान नसतं. गाडीत प्रत्येक किलो घाटावर ओढायचा असतो. आणि ओढ पुढच्या चाकांना आहे हे विसरू नका: पाण्याची टाकी आणि बॅटरी शक्यतो पुढच्या सीटामागे ठेवा. सगळा भार मागे गेला तर ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरत राहतात.

विजेसाठी १०० एएचची लिथियम बॅटरी, छपरावर ३०० वॉटच्या आसपासचं सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर, फ्यूज बॉक्स. ५५ ते ७० हजार. यावर दिवे, पंखे, फोन आणि बारा व्होल्टचा छोटा फ्रीज चालतो. एसी चालत नाही. एसीसाठी बॅटऱ्या वाढवत नेल्या तर आणखी दीड लाख सहज जातो. त्यापेक्षा हिवाळ्यात जाणं फुकट पडतं. फ्रीजचे ३० ते ४० हजारही पहिल्या वर्षी वाचवा, बर्फाच्या पेटीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं मटण एक दिवस आरामात राहतं. सुटा कॅसेट संडास दहा-बारा हजारांत मिळतो, तो मात्र घ्याच. घरातलं कुणी पुन्हा यायला तयार होईल की नाही, ते त्याच्यावर ठरतं.

गॅससाठी घरचं मोठं सिलिंडर नको. पाच किलोचं 'छोटू' ओळखपत्रावर मिळतं. स्वयंपाक बाहेर करा, आणि सिलिंडर ठेवता तिथे तळाला हवा जायला भोक ठेवा. गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साठतो. दोन किलोचं अग्निशामक नळकांडं दारापाशी, झोपून हात पोहोचेल असं.

काम कधी द्यायचं

गणपतीआधी वेल्डर मंडळांच्या देखाव्यांत अडकलेले असतात. लगेच गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची दुरुस्ती सुरू होते, तेव्हा तुमच्या मॅटाडोरकडे कोण बघणार? फेब्रुवारी-मार्चला कारखाने आटोपू लागले की पत्र्याला हात घालायचा आणि रंग मे अखेरपर्यंत उरकायचा. जूननंतर दमट हवेत मारलेला रंग फुगतो. हा मुहूर्त चुकला तर वर्ष गेलं असं समजा. गॅरेजवाला 'महिन्यात देतो' म्हणाला की मनात तीन महिने लिहा.

एवढं करायच्या आधी एक सोपी परीक्षा. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि तयार कॅरव्हॅन भाड्यानं मिळतात. एक दोन-रात्रींची फेरी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांचे चेहरे बघा. हौस तिथेच फिटली तर आठ लाख वाचले.

गाडी तयार झाल्यावर पहिला मुक्काम पन्हाळ्याला, वीस किलोमीटरवर. बंद पडली तर मिस्त्री दुचाकीवर येतो. मग राधानगरी-दाजीपूर. तिथे अभयारण्य आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय रस्त्याकडेला रात्र काढता येत नाही, शिवाय गवे अंधारात दिव्यालाही दाद देत नाहीत. एखाद्या होम-स्टेच्या आवारात गाडी लावण्यासाठी पाचशे ते हजार रुपये द्या, पाणी आणि न्हाणीघर त्यातच मिळतं. कोकणात उतरायला फोंडा घाट. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावड्यानं जायचं तर घाट चालू आहे ना, हे निघताना विचारा. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय नको.

लिटरला दहा किलोमीटर धरले तर मालवणला जाऊन-येऊन तीन हजारांच्या आसपास डिझेल लागतं. देवबागच्या किनाऱ्यावर वाळूत चाकं घालू नका, ट्रॅक्टरवाला ओढून काढायचे दोन हजार घेतो आणि तो बरोबरच असतो. परत आल्यावर त्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवून तळ गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. सातशे रुपयांचं काम, पण टाळलंत तर सव्वा लाखाच्या पत्र्याला दोन पावसाळ्यांत पुन्हा भोकं.