चांगल्या मिस्त्रीला सुपरवायझर केलं आणि दोघंही हातचे गेले

या आठवड्याच्या व्हिडिओत बढतीचा विषय घेतला होता, पण तो तेवढ्या वेळात मावला नाही. शिवाय माझी स्वतःची चूक मी दोन वाक्यांत उरकून टाकली, ते काही बरोबर नाही. म्हणून इथे नीट लिहितोय.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी कळंबोलीत माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेड. स्टील मार्केट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अँगल-चॅनल सकाळी उचलायचं आणि दुपारी कापायला घ्यायचं. माझ्याकडे नऊ माणसं होती. त्यातला एक वेल्डर असा होता की त्याने मारलेला वेल्ड ग्राइंडर न लावताही गिऱ्हाईक हात फिरवून बघायचं. त्याचं नाव इथे घेत नाही, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणतो.

तळोजा एमआयडीसीतून एका मोठ्या शेडची ऑर्डर आली. मला साइटवर, बँकेत, पार्टीकडे पळावं लागणार होतं, वर्कशॉपवर माझ्या जागी कोणीतरी हवं होतं. मिस्त्री वर्षभर पगारवाढ मागत होता. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्याला सुपरवायझर केलं, पगार सहा हजारांनी वाढवला, सगळ्यांसमोर पेढे वाटले. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी.

पहिल्या आठवड्यापासून गडबड सुरू झाली. हेल्परने टाका वाकडा मारला की मिस्त्री समजावून सांगायचा नाही, त्याच्या हातातला होल्डर ओढून घ्यायचा आणि स्वतः मारायचा. काम सुंदर व्हायचं, पण मागे चार माणसं हात बांधून उभी. हजेरीचं रजिस्टर रिकामं. चलनं खिशात चुरगळलेली. रॉड संपल्याचं रॉड संपल्यावरच कळायचं. पार्टीचा इंजिनिअर काही बदल सांगायला आला की मिस्त्री "होऊन जाईल साहेब" म्हणायचा, कारण नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. रात्री नऊपर्यंत थांबून तो पोरांनी केलेलं काम पुन्हा करायचा. माणूस झिजत होता आणि मी त्याला विचारायचो, "मिस्त्री, लक्ष कुठे आहे तुमचं?"

दोन हेल्पर सोडून गेले. शेड उशिरा झाली, बिलातून पैसे कापले गेले. आणि एका सोमवारी मिस्त्री आलाच नाही. नंतर कळलं की तो दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागला, माझ्याकडच्या सुपरवायझरच्या पगारापेक्षा कमी पैशांवर. मी त्याला "तुमची जुनी जागा घ्या, पगार तोच ठेवतो" असं म्हणू शकलो असतो. मला सुचलंच नाही. आणि तोही कसा म्हणणार? गावाकडे सांगून झालं होतं, मुलीच्या सोयरिकीत "मुलीचे वडील सुपरवायझर आहेत" असं बोललं गेलं होतं. माझा उत्तम वेल्डर गेला आणि वाईट सुपरवायझरही गेला. एकच माणूस, पण भोकं दोन पडली.

याला नाव आहे

बऱ्याच वर्षांनी समजलं की माझ्या या उद्योगाला जगात नाव आहे. लॉरेन्स पीटर नावाचे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक आणि रेमंड हल नावाचे लेखक, या दोघांचं 'द पीटर प्रिन्सिपल' हे पुस्तक १९६९ साली आलं. पुस्तक विनोदी अंगाने लिहिलंय, पण मुद्दा बोचतो. माणूस एका जागी चांगलं काम करतो म्हणून त्याला वर चढवतात. तिथेही चांगलं केलं की आणखी वर. हे कुठे थांबतं? जिथे त्याला काम जमत नाही तिथे. तिथून पुढे बढती मिळत नाही आणि खाली कोणी आणत नाही, म्हणून तो तिथेच बसतो. चांगल्या माणसांनाच शिडी लागते, म्हणून चांगली माणसंच अडकतात.

यात कोणी मूर्ख नसतं, हे लक्षात घ्या. माझं काय झालं ते बघा. मला पगार वाढवायचा होता आणि पगार वाढवायचा एकच रस्ता माहीत होता, पद. शिवाय मी मिस्त्रीचं आजचं काम बघून उद्याच्या कामाचा अंदाज बांधला. आजचं काम होतं लोखंड जोडणं. उद्याचं काम होतं माणसं जोडणं.

स्टील मार्केटमध्ये माथाडी टोळीचं काम कधी थांबून बघा. मी पाहिलेल्या टोळ्यांमध्ये सगळ्यात जास्त वजन उचलणारा माणूस मुकादम असतोच असं नाही. क्रेनला खूण कोणी करायची, कोण कुठे उभा राहील, हिशोबात कुरबूर झाली तर ती कशी मिटवायची, हे ज्याला कळतं तो मुकादम. आपण शिकलेले लोक मात्र वर्कशॉप काढलं की हे विसरतो. (गंमत म्हणजे महाराष्ट्राचा माथाडी कायदाही १९६९ चाच.)

सचिनचं उदाहरण

व्हिडिओत हे उदाहरण घेतल्यावर काही जण नाराज होतील याची कल्पना आहे. मीही सचिनचाच. पण आपल्या मराठी माणसाला हा विषय समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१९९६ साली सचिन तेंडुलकर भारताचा कॅप्टन झाला, तेव्हा वय २३. का झाला? संघातला सगळ्यात चांगला बॅट्समन होता म्हणून. अगदी मी मिस्त्रीला केलं तसंच. १९९८ च्या सुरुवातीला कॅप्टनपद गेलं, १९९९ मध्ये पुन्हा दिलं, २००० मध्ये त्याने स्वतःच सोडलं. दोन्ही वेळचा हिशोब एकत्र केला तर २५ कसोटी सामन्यांत ४ विजय, ९ पराभव, १२ अनिर्णित. ७३ एकदिवसीय सामन्यांत २३ विजय, ४३ पराभव. सगळं खापर त्याच्यावर फोडणं अन्यायाचं होईल. संघ परदेशात कच्चा होता आणि त्या काळात क्रिकेटमध्ये काय काय चाललं होतं ते पुढे बाहेर आलंच. पण कॅप्टन म्हणून तो रमला नाही, एवढं नक्की.

मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. पहिल्यांदा कॅप्टनपद गेलं ते १९९८ साल. त्याच वर्षी त्याने एकदिवसीय सामन्यांत १८९४ धावा आणि ९ शतकं केली. शारजाच्या त्या दोन खेळ्या त्याच वर्षीच्या. २००७ साली पुन्हा कॅप्टनपदाचा विषय निघाला तेव्हा त्याने धोनीचं नाव सुचवलं. त्या वेळी बीसीसीआयचे अध्यक्ष असलेल्या शरद पवारांनी हे नंतर जाहीरपणे सांगितलंय. आणि २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्ड कप जिंकला तो धोनीच्या कॅप्टनशिपखाली, सचिन संघात असताना.

सचिनला खाली उतरल्यावर कोणी "डिमोशन झालं" म्हटलं नाही. मान तोच राहिला, कमाई कमी झाली नाही, बॅट हातात राहिली. कॅप्टन न होताही तो संघातला सगळ्यात मोठा माणूस राहू शकत होता. माझ्या मिस्त्रीला ही सोय नव्हती. माझ्या वर्कशॉपमध्ये मोठं होण्याची एकच खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर बसलं की होल्डर सोडावा लागायचा.

उलट बाजूही बघा. सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर सर. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना आहे. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जी पोरं घडवली त्यांची यादी सांगायला नको. आता कल्पना करा, 'ज्याने जास्त रन काढले तोच कोच' असा नियम असता तर?

याचा अभ्यासही झालाय. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अभ्यासकांनी १३१ कंपन्यांमधल्या सेल्सच्या लोकांचे आकडे तपासले आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. जो जास्त विकतो त्यालाच मॅनेजर करण्याकडे कल दिसला. पण बढतीआधी ज्यांची विक्री जास्त होती, त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट घसरत होती. मग चांगला मॅनेजर कोण ठरत होता? जे आधीपासून दुसऱ्यांबरोबर मिळून सौदे करत होते, ते. म्हणजे खूण समोर दिसत असते, आपण ती बघत नाही.

माझ्याकडे पुढे काय बदललं

मिस्त्री गेल्यावर मी लगेच शहाणा झालो नाही. आणखी एकदा तीच चूक केली, तेव्हा डोळे उघडले. मग पगाराच्या दोन शिड्या केल्या. एक हाताच्या कामाची: हेल्पर, वेल्डर, हेड मिस्त्री. दुसरी माणसं सांभाळायची. आणि हेड मिस्त्रीचा पगार सुपरवायझरपेक्षा जास्त ठेवला. हे ऐकून माझ्या अकाउंटंटने कपाळाला हात लावला होता. त्याला म्हटलं, सुपरवायझर मला महिन्यात मिळेल, असा हात मिळायला वर्षं लागतील.

सुपरवायझर निवडताना मी एकच गोष्ट बघायला लागलो: नवीन पोरगा अडला की तो कोणाकडे जातो? माझ्याकडे तो एका साधारण फिटरकडे जायचा. त्या फिटरचं वेल्डिंग बेताचंच, पण गुण्या कसा लावायचा हे तो तिसऱ्यांदा विचारलं तरी न चिडता दाखवायचा. त्यालाच तीन महिने "काम बघ" म्हणून सांगितलं. पद नाही, पेढे नाहीत. फक्त भत्ता, आणि कागदावर लिहून दिलं की तीन महिन्यांनी दोघांपैकी कोणालाही पटलं नाही तर जुनी जागा, जुना पगार, कसलाही प्रश्न नाही. पेढे न वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे बरं का. गाजावाजा केला की माणसाची परत यायची वाट आपणच बंद करतो.

आणि तुम्ही?

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, सर, आमच्याकडे अजून एकही कामगार नाही, आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग तुम्हालाच जास्त आहे. धंदा सुरू करणारा माणूस स्वतःलाच बढती देतो. आपल्या कळंबोलीत बघा ना. न्हावा शेवाचा कंटेनर वर्षानुवर्षं वेळेवर नेणारा ड्रायव्हर, सगळे म्हणतात एवढा चांगला आहेस तर स्वतःचा ट्रेलर घे. तो घेतो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम गाडी चालवणं राहत नाही. फायनान्सचे हप्ते, टायर, डिझेल, अडकलेलं भाडं वसूल करणं, आणि गाडीवर ठेवलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरला सांभाळणं. घरगुती पोळीभाजी केंद्र काढणाऱ्या ताईंचंही तेच. हाताला चव आहे म्हणून सुरुवात होते, आणि महिन्याभरात त्या उधारीच्या वहीत बुडतात.

नोकरीत निदान वरचा साहेब तरी सांगतो की बाबा, तुला हे जमत नाहीये. मालकाला कोण सांगणार? बँकेचं स्टेटमेंट सांगतं, पण ते फार उशिरा सांगतं.

काही ट्रेनर सांगतात की मालकाने हातातलं काम पूर्ण सोडलंच पाहिजे. मला ते सरसकट पटत नाही. मालक म्हणजे कॅप्टनच, असं कुठे लिहिलंय? तुमचा हात हेच तुमचं भांडवल असेल तर तुम्ही काम करा आणि वसुली, हिशोब, माणसं बघायला कोणी तरी ठेवा. बायको असेल, भाऊ असेल, अर्ध्या दिवसाचा पगारी माणूस असेल. नाव तुमचं, पैसा तुमचा, सही तुमची. त्याने तुम्ही लहान होत नाही. ते परवडत नसेल तर ते काम शिकून घ्या, पण शिकायचं बाकी आहे हे मान्य करून.

पुढच्या व्हिडिओत पगाराच्या दोन शिड्या आकड्यांसह फळ्यावर मांडणार आहे. तोपर्यंत एक काम करून ठेवा. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे तुम्हाला कशासाठी शाबासकी मिळते ते लिहा. उजवीकडे काल दिवसभरात प्रत्यक्ष काय काय केलं ते, वेळेसकट. आणि हाताखाली माणसं असतील तर प्रत्येकाच्या नावाने असाच एक कागद.